हरकत नाही

रहिवासी मंडळाची नोटीस फलकावर लागली त्या दिवशी इत्सुको कुसाका मुळ्याची पिशवी हातात धरून तिथेच खिळून राहिली. वार्षिक सभेपुढे तीन विषय होते. पहिला जमाखर्चाचा, तिसरा गटारसफाईचा. मधला विषय असा: 'वसाहतीतील मधल्या चौकाचे नाव यापुढे मधला मार्ग असे राहील. मार्गात बाकांची आवश्यकता नसल्याने तेथील दोन्ही बाके काढण्यात येतील.' खाली 'अध्यक्ष, नागाए' आणि त्याचा लाल शिक्का.

"मार्ग म्हणे!" ती मोठ्यानं म्हणाली.

मागून मुरोतासान चाकाची पिशवी ओढत येत होत्या. "कोणाशी बोलताय, कुसाकासान?"

"या कागदाशी."

"कागदाला कान नसतात हो. पण बरं झालं एकदाचं. ती पोरं रोज संध्याकाळी घोळका करून काय बडबडत असतात! माझ्या खिडकीखालीच."

"गातात ती."

"गाणं? त्याला चाल तरी आहे का?"

"आम्हालाही लोक हेच म्हणायचे."

"तुम्हाला म्हणत असतील. मी तेव्हा शिवणाच्या कारखान्यात होते. मला गायला सवड नव्हती," असं म्हणून मुरोतासान पिशवी खडखडवत निघून गेल्या.

वसाहत तशी जुनी, टोकियोच्या पश्चिमेला टेकडीवरची. पाचमजली इमारती, लिफ्ट नाही. वरच्या मजल्यांवरची म्हातारी माणसं एकेक करत खाली राहायला आली, नाहीतर कायमची गेली. दुकानांच्या रांगेत आता एक न्हावी आणि एक टोफूवाला उरला होता, बाकी सगळी शटरं खाली. मधोमध चौक, चौकात मोठं केयाकीचं झाड आणि झाडाखाली दोन बाकं. पूर्वी तिथे उन्हाळ्यात पितरांच्या बोन सणाचा नाच व्हायचा. तो नाचही बंद पडून किती वर्षं झाली, ते आता कोणाला सांगता आलं नसतं.

अशा त्या चौकात दोन वर्षांपासून मिओरी आणि तिचं टोळकं जमायला लागलं होतं. मिओरी सतराची, अर्धं डोकं हिरवं रंगवलेली. सोबत चारपाच मुलंमुली. त्यातला एक फिलिपिनो आईचा, एक शाळा सोडलेला. छोटा स्पीकर बाकावर ठेवायचा, गोल करून उभं राहायचं आणि एकेकानं आळीपाळीनं तालावर बोलायचं. आईला शिव्या, शाळेला शिव्या, पगाराला शिव्या. मधेच असं काहीतरी की ऐकणाऱ्यानं जागीच थांबावं. इत्सुको पहिल्या दिवशी त्यांना गप्प करायलाच खाली उतरली होती. उतरली ती बाकावर बसली, आणि तेव्हापासून रोज बसत होती. नवरा गेल्यावर घरात बोलणारा फक्त भाताचा कुकर उरला होता. शिजलं की शिट्टीऐवजी सूर वाजवायचा तेवढंच.

"आजी, तुम्ही पण बोला ना एकदा," मिओरी म्हणायची.

"मी ऐकणारी. जन्मभर ऐकणारीच," इत्सुको म्हणायची, आणि ते खरं होतं.

एकोणसत्तर साली ती वीस वर्षांची होती. शिंजुकू स्टेशनच्या पश्चिमेच्या दाराशी, जमिनीखाली, एक मोठा चौक होता. दर शनिवारी संध्याकाळी तिथे मुलं गिटार घेऊन जमायची. आधी दहावीस, मग शेकडो, मग इतकी की जिन्यांवर पाय ठेवायला जागा नसायची. युद्ध नको म्हणून गायचं, गाणं संपलं की अनोळखी माणसाशी वाद घालायचा. ऑफिसातून घरी निघालेले बाबू टाय सैल करून उभे राहायचे आणि तावातावानं भांडायचे. इत्सुको गाण्यांचे कागद वाटायची. मेणकागदावर कोरून, शाईचा रूळ फिरवून तिनंच ते छापलेले असायचे, त्यामुळे तिची नखं सदा काळी. विद्यापीठातल्या सभांनाही ती जायची. तिथे रीत अशी होती की एखाद्याचं बोलणं पटलं की सगळ्यांनी ओरडायचं, "हरकत नाही!" आणि नाही पटलं तर "नॉनसेन्स!" बोलणारे मात्र नेहमी मुलगेच. मुली मागच्या खोलीत ओनिगिरी वळत बसायच्या. जग उलटंपालटं करायला निघालेल्या मुलांना भाताचे गोळे मात्र आयते लागत. इत्सुकोनं हजार वेळा "हरकत नाही" म्हटलं असेल, पण उभी राहून स्वतः एक वाक्य बोलली नव्हती.

आणि त्या चौकात सगळ्यात पुढे, केस खांद्यावर, दोरीचा पट्टा लावलेली गिटार गळ्यात, नागाए उभा असायचा. तिला इच्चान म्हणून हाक मारणारा तो एकटाच.

मग जुलै महिन्यात एके दिवशी ते सगळे पोचले तर वरची पाटी बदललेली. काल 'चौक' होतं तिथे आज 'मार्ग' लिहिलेलं. बाकी सगळं तेच, तेच खांब, तेच दिवे. फक्त कर्ण्यातून आवाज येत होता, "हा मार्ग आहे. थांबू नका. चालत राहा." चौकात माणूस थांबतो, मार्गात थांबला की तो गुन्हा. मुलांना हसू आलं होतं आधी. नागाए तर तोच कर्णेवाला आवाज काढून सगळ्यांना हसवत होता. मग पोलिसांच्या ढाली आल्या, धूर आला, आणि त्या उन्हाळ्यानंतर तिथे कोणी गायलं नाही.

म्हणून तर इत्सुकोच्या अंगाचा तिळपापड झाला होता. शब्द कोणीही सुचवला असता तरी तिला राग आला असता. पण तो नागाएनं सुचवावा!

त्या संध्याकाळी तिनं मुलांना नोटिशीचं सांगितलं. मिओरीनं खांदे उडवले.

"मग काय, जाऊ दुसरीकडे."

"जाऊ काय? सभेला या. विचारा त्यांना, का म्हणून?"

"आजी, आम्हाला कोण बोलू देणार? मंडळाचे सभासद आमचे आईबाप. माझी आई त्या वेळी कामावर असते, आणि नसली तरी झोपते." मग जरा थांबून तिनं बाकावर बूट आपटला. "जागा मात्र चांगली होती. इथे आवाज झाडाखाली धरून राहतो. दुसरीकडे उडून जातो."

"मी बोलेन," इत्सुको म्हणाली. तोंडातून निघून गेलं आणि मग तिचं तिलाच नवल वाटलं.

"तुम्ही?" मिओरी हसली, पण वाईट नाही. "ऐकणाऱ्या आजी बोलणार? मग नक्की वाचला आपला चौक."

सभेचा रविवार उजाडेपर्यंत इत्सुको स्वयंपाकघरात कुकरपुढे उभी राहून भाषण घोकत होती. तिनं काही लिहून काढलं नाही. लिहिलेलं वाचणारे सगळे नागाएसारखे दिसतात, असं तिचं मत झालं होतं.

सभागृहात घडीच्या खुर्च्या, प्रत्येक खुर्चीवर चहाची बाटली आणि सेनबेईची, म्हणजे तांदळाच्या खारट बिस्किटांची, पुडी. चाळीसेक माणसं आली होती, बहुतेक पांढऱ्या डोक्यांची. समोर नागाए. केस आता कानांवर उरलेले तेवढेच, दंडाला मंडळाची पट्टी. विमा कंपनीत सगळी उमर काढून तो इथे आला, आणि वसाहतीचा कचरा कसा वेगळा करावा, सायकली कुठे लावाव्यात, सगळं त्यानं शिस्तीत बसवलं. माणूस कामाचा, त्यात वाद नाही. वडीलधाऱ्यांच्या सणाला त्याच चौकात गिटार घेऊन तो जुनी गाणी म्हणायचा आणि बायका डोळे पुसायच्या. वसाहतीच्या पत्रकात त्याचा फोटोही आला होता, 'तरुणपण न विसरलेले अध्यक्ष' म्हणून.

त्याच्या शेजारी चिटणीस त्सुरुओका बसली होती. चाळिशीची, दोन मुलांची आई, लॅपटॉपवर भराभर टिपणारी.

दुसरा विषय नागाएनं स्वतः वाचून दाखवला आणि मग विचारलं, "या ठरावावर कोणाची हरकत?"

इत्सुको उभी राहिली. गुडघा कटकन वाजला. पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं.

"तिसऱ्या इमारतीतली कुसाका. मला बोलायचंय."

"बोला, कुसाकासान," नागाए म्हणाला. डोळे मात्र कागदावर.

"हा चौक आहे," ती म्हणाली आणि पुढचं सगळं घोकलेलं विसरली. मग समोर नागाएच्या दंडावरची पट्टी दिसली आणि राग आला, आणि रागाबरोबर शब्द आले. "चौक म्हणजे जिथे माणसानं थांबावं. नुसतं घर ते बसस्टॉप आणि बसस्टॉप ते घर करायचं असेल, तर आपण वसाहतीत कशाला राहतो? नळात राहू. ती मुलं आवाज करतात, करतात. आपण पण केला. आपल्याला धूर देऊन हाकललं. मोठं झाल्यावर आपण काय शिकलो त्यातून? धुराशिवाय कसं हाकलायचं, एवढंच? माझं मेलीचं गाणं कधी झालं नाही. मी कागद छापले आणि भाताचे गोळे केले. पण मला एवढं कळतं की ज्या जागेत थांबता येत नाही तिथे कोणी कोणाला ओळखत नाही. मी या मुलांना ओळखते, कारण मी तिथे थांबले. नाव बदलू नका. बाकं काढू नका. आणि वाटलंच तर खिडकी उघडून त्यांना सांगा, हळू गा. ऐकतात ती."

ती थांबली.

आणि मग शेवटच्या रांगेतून हागिनिवा उठले. हागिनिवा ऐंशीला टेकलेले, एका कानानं बहिरे, तरुणपणी कुठल्याशा विद्यापीठाच्या संपात तीन महिने इमारतीत कोंडून बसलेले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. मूठ वर गेली.

"हरकत नाही!" ते गरजले.

त्यांच्या शेजारच्या म्हाताऱ्याच्या पाठीचा कणा एकदम ताठ झाला. "हरकत नाही!" तोही ओरडला. मग तिसरा, मग खिडकीजवळची एक आजी, बारीक पण खणखणीत आवाजात. "हरकत नाही! हरकत नाही!" कोणीतरी टाळ्या सुरू केल्या. इत्सुकोच्या अंगावर काटा आला. ज्यासाठी ती मागच्या खोलीत बसून कान टवकारत असे, ते आज तिच्यासाठी होतं. तिचे डोळे भरून आले.

त्सुरुओका लॅपटॉपवरून मान वर करून गोड हसली. "हरकत नाही, असं सर्वांनी स्पष्ट सांगितलेलं आहे. दुसरा ठराव मंजूर."

पुढच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. मंजूर झालं की वाजवतात तशा.

"अहो नाही!" इत्सुको म्हणाली. "ते मला म्हणाले! माझ्या बोलण्याला हरकत नाही, असं!"

"हो ना, हरकत नाही," त्सुरुओका म्हणाली. तिला खरंच कळत नव्हतं. ती मुलगी त्या वेळी जन्मायची होती.

इत्सुकोनं नागाएकडे पाहिलं. अख्ख्या व्यासपीठावर त्याला एकट्यालाच त्या आरोळीचा अर्थ माहीत होता. हजार वेळा ती आरोळी त्याच्यासाठी उठली होती. आता त्यानं एक वाक्य बोलायचं होतं. नागाएनं वर पाहिलं. दोघांची नजर भेटली. त्याच्या ओठांचा कोपरा थरथरला, अगदी पूर्वी गाणं सुरू करण्याआधी थरथरायचा तसाच. मग त्यानं कागद उलटला.

"विषय तिसरा," तो म्हणाला. "गटारसफाई."

"नॉनसेन्स!"

ती आरोळी इतकी मोठी होती की पुढच्या बाईच्या हातून सेनबेईची पुडी पडली. मागच्या रांगेत हागिनिवांनी कान पुढे केला, पण टाळ्यांच्या गडबडीत त्यांना बहुधा ऐकूच आलं नाही. बाकी सगळे अवघडून बसले. त्सुरुओका उठून जवळ आली आणि हळूच म्हणाली, "कुसाकासान, असं टाकून बोलू नये हो. आपण सगळे शेजारी आहोत. बरं वाटत नाही का? पाणी देऊ?"

इत्सुको खाली बसली. दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सभा संपली तेव्हा हागिनिवा काठी टेकत तिच्याजवळ आले. चेहऱ्यावर नुसता आनंद. "वा, कुसाकासान, वा! जिंकलो आपण! अंगात रक्त सळसळलं बघा. बायकोला आत्ताच जाऊन सांगतो." आणि ते खरंच घाईघाईनं गेले.

नागाए मागच्या छोट्या मोरीवर चहाची भांडी धूत होता. अध्यक्षानं भांडी धुवावीत असा नियमही त्यानंच केला होता. इत्सुको दारात उभी राहिली.

"तुला कळलं होतं."

"कळलं होतं," तो म्हणाला. नळ बंद केला नाही.

"मग?"

"इच्चान, दोनदा पोलिसांना फोन गेलाय. कोणी केला ते मी सांगणार नाही. परवा त्या फिलिपिनो आईच्या मुलाची बॅग उघडून पाहिली त्यांनी, भर रस्त्यात. तो बाकावर नुसता बसला होता. पुढच्या वेळी बॅगेवर भागणार नाही. बंदी घातली तर ती पोरं चिडून आणखी येणार, मग भांडण, मग गाडी. नाव बदललं की कोणी चिडत नाही. आपोआप पांगतात."

"तुला काय माहीत?"

"मला नाही माहीत तर कोणाला?" त्यानं कप पुसला, उजेडात धरून पाहिला. "ही युक्ती मी शोधलेली नाही. माझ्यावर वापरलेली आहे. चालते, म्हणून माहीत."

"लाज वाटत नाही असं बोलायला?"

"वाटते की. पण तू सांग, आपण एवढे हजारो होतो, काय उरलं त्याचं? हागिनिवासानची एक आरोळी. तीही चुकीच्या ठरावाला लागली."

"तू चुकीची लावलीस!"

"हो," तो म्हणाला. "मी लावली."

त्याच्यावर ओरडायचं म्हणून ती आली होती. पण कबूल करून बसलेल्या माणसावर ओरडणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तिनं टेबलावरचं फडकं उचललं आणि रागारागानं उरलेले कप पुसायला घेतले. दुसरा कप पुसता पुसता आपण काय करतोय ते तिच्या लक्षात आलं, मागच्या खोलीतली इच्चान पुन्हा भांड्यांपाशी! फडकं तिथेच फेकून ती घरी गेली.

पुढच्या आठवड्यात बाकं गेली. फरशीवर बोल्टांची भोकं राहिली. झाडापाशी निळ्या खांबावर पाटी लागली: 'मधला मार्ग. कृपया थांबू नये.' अक्षरं गोल, कडेला एक हसणारं कासव काढलेलं. त्या वेळची पाटी निदान हसत तरी नव्हती.

संध्याकाळी मुलं आली. मिओरीनं पाटी वाचली, कासवाच्या डोक्यावर टिचकी मारली.

"आजी, कासवाला कशाला थांबू नका म्हणतात? ते तर जन्माचं थांबलेलं."

"हसतेस काय? भांडायला हवं!"

"तुम्ही भांडलात ना." मिओरीच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "आई म्हणाली, तिसऱ्या इमारतीतल्या आजींनी भाषण केलं आणि सगळे हरकत नाही म्हणाले. मला कळलंच नाही आजी, तुम्ही कोणाच्या बाजूनं होता?"

इत्सुको समजावायला लागली. हरकत नाही म्हणजे तेव्हा काय, आता काय, कोण कशाला ओरडलं. सांगता सांगता तिलाच ते इतकं येडंगबाळं वाटलं की ती मधेच थांबली.

"जाऊ दे," मिओरी म्हणाली आणि स्पीकर पिशवीत टाकला. "आम्ही नदीवर जातोय, पुलाखाली. तिथे आवाज घुमतो. तुम्ही पण या ना."

नदीपाशी उतरायला ओबडधोबड पायऱ्या होत्या, कठडा नसलेल्या. मिओरीला ते माहीत होतं. इत्सुकोलाही माहीत होतं.

"येईन एखाद दिवस," ती म्हणाली.

"नक्की हं," असं म्हणून मुलं गेली. ती पांगली नाहीत, एकत्रच गेली. नागाएचा अंदाज तेवढा चुकला. पण गेली.

इत्सुको तिथेच उभी राहिली. न्हाव्यानं दुकान आवरलं, टोफूवाल्यानं अंगण धुतलं. माणसं येत होती, जात होती, कोणी मान तुकवत होतं, थांबत कोणी नव्हतं. मग नागाए आला, दंडाला पट्टी, हातात टॉर्च, रोजच्या फेरीवर. तिला पाहून त्याची चाल मंदावली.

"घरी नाही गेलीस?"

"नाही."

"गुडघा दुखेल."

"दुखतोच आहे. तू तुझं वाक्य म्हण. आवाज काढून दाखवायचास ना तेव्हा, कर्ण्यातला? काढ."

नागाएनं इकडे तिकडे पाहिलं. "इच्चान, तमाशा नको. चल पुढे."

"हरकत आहे," ती म्हणाली.

तो तिथेच उभा राहिला. तीही. झाडावर संध्याकाळचे मुकुदोरी पक्षी हजारांनी येऊन बसत होते आणि असा काही कलकलाट करत होते की दोघांचं पुढचं बोलणं ऐकूही आलं नसतं. त्यांना कोणी पाटी वाचून दाखवली नव्हती.

चाकांचा खडखडाट आला. मुरोतासान दुकानातून परतत होत्या. पिशवी त्यांना वळवून न्यावी लागली.

"अहो अध्यक्ष," त्या कडाडल्या, "पाटी तुम्हीच लावली ना? मग मधोमध काय उभे राहता? लोकांनी जायचं कुठून?"

"चुकलं, मुरोतासान," नागाएनं कमरेत वाकून माफी मागितली. टॉर्च विनाकारण लावली, विझवली आणि मार्गानं चालू लागला, मागे न बघता, पहिल्या इमारतीच्या कोपऱ्यापर्यंत आणि तिथून पुढे.

"आणि तुम्ही हो, कुसाकासान?" मुरोतासान म्हणाल्या.

इत्सुको हलली नाही. गुडघा आता चांगलाच ठणकत होता आणि बसायला बाक नव्हता. तिनं हात लांब करून पाटीचा निळा खांब धरला आणि पाठ त्याला टेकवली. खांब मजबूत होता. काम नागाएचं, पक्कंच असणार.

"मी थांबलेय," ती म्हणाली. "तुम्ही बाजूनं जा."